सापगावहून निघालेला ई-मेल

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीच्या काठी सापगाव लागतं. या गावात कुणाला पत्र पाठवायचं असेल, तर पाकिटावर नाव, त्याखाली मु. सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे आणि शेवटी 421601 एवढं पुरतं. नागपूरला किंवा कोलकात्याला पत्रांची छाननी करणाऱ्या माणसाला सापगाव कुठे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. तो आकडे वाचतो. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन आकडे मिळून पत्र कुठल्या छाननी जिल्ह्याकडे जायचं ते ठरतं. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय दाखवतात. पिनकोडची ही योजना दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी ती सुरू झाली. वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. देशातल्या सारख्या नावांच्या गावांमुळे आणि अनेक भाषांतल्या पत्त्यांमुळे उडणारा गोंधळ त्यांनी सहा आकड्यांत मिटवला.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1971च्या अखेरीस, अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात रे टॉमलिन्सन हे अभियंते पत्त्याचाच प्रश्न सोडवत होते. बीबीएन या कंपनीत ते काम करत. एका संगणकावर बसणारे लोक एकमेकांसाठी निरोप ठेवू शकत होते, पण तो निरोप त्या यंत्राच्या बाहेर जात नसे. टॉमलिन्सन यांनी तो अर्पानेट या जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावर पोचवला. त्यासाठी माणसाचं नाव कुठे संपतं आणि यंत्राचं नाव कुठे सुरू होतं हे दाखवणारी खूण हवी होती. कळफलकावरचं '@' हे चिन्ह कुणाच्याच नावात येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते निवडलं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये गेलेल्या त्या पहिल्या निरोपात काय लिहिलं होतं, हे पुढे त्यांनाही आठवत नव्हतं.

मुंबईत जन्मलेल्या एका भारतीय मुलाने ई-मेलचा शोध लावला, असा मजकूर अधूनमधून फोनवर फिरत असतो. तो शिवा अय्यादुरै यांच्याविषयी असतो. 1978मध्ये किशोरवयात त्यांनी न्यू जर्सीतल्या एका वैद्यकीय संस्थेसाठी 'ईमेल' नावाची संगणक प्रणाली लिहिली आणि 1982मध्ये तिचा कॉपीराइट घेतला. चौदा वर्षांच्या मुलासाठी ते काम कौतुकाचंच होतं. पण कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या प्रणालीला, कल्पनेच्या शोधाला नव्हे. आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्रं तर 1971पासूनच जात होती.

ई-मेलचा पत्ता मराठी पत्त्यासारखाच लहानाकडून मोठ्याकडे जातो. आधी माणूस, मग '@', मग त्याच्या पत्रांचा डबा सांभाळणाऱ्या संस्थेचं नाव, आणि शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन. यंत्र मात्र तो उलटा, उजवीकडून वाचतं. सरकारी पत्त्यात आधी 'इन' म्हणजे भारत, मग 'जीओव्ही' म्हणजे सरकार, मग सरकारी खात्याचं नाव. नावावरून यंत्राचा ठावठिकाणा सांगणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी 1983मध्ये आखली. त्यातलीच 'एमएक्स' नावाची नोंद एवढंच सांगते की या संस्थेची पत्रं कुठल्या यंत्राकडे द्यायची. म्हणून पत्त्यातलं एक अक्षर चुकलं, तर यंत्र अंदाज बांधत नाही. शहापूरच्या टपाल कार्यालयातला जुना पोस्टमन अर्धवट पत्त्यावरूनही घर शोधून काढतो. ई-मेलमध्ये तशी कुणी व्यक्ती नाही.

आता सापगावातल्या एका विद्यार्थिनीने मुंबईतल्या महाविद्यालयाला प्रवेशाबद्दल मेल पाठवला असं समजू. तिने 'सेंड' दाबलं की मजकूर थेट महाविद्यालयात जात नाही. तो आधी तिचं खातं ज्या कंपनीकडे आहे तिच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर 'एमएक्स' नोंद शोधून महाविद्यालयाच्या सर्व्हरला गाठतो आणि दोघांत ठरावीक शब्दांत बोलणं सुरू होतं. या बोलण्याचे नियम, म्हणजे 'एसएमटीपी', जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982मध्ये लिहून काढले आणि त्यांचा गाभा आजही तोच आहे. पाठवणारा सर्व्हर आधी आपली ओळख सांगतो. पत्र कुणाकडून आहे ते सांगतो, मग कुणासाठी ते सांगतो. समोरचा प्रत्येक वाक्याला आकड्यात उत्तर देतो. मग मजकूर जातो आणि अखेरीस एका ओळीवर फक्त एक टिंब. समोरून 250 हा आकडा आला की पत्र स्वीकारलं गेलं. इथून पुढे ते पत्र डब्यात टाकण्याची, किंवा तसं जमलं नाही तर उलट कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरची.

हे 250 म्हणजे यंत्राने यंत्राला दिलेली पोच. साहेबांनी पत्र वाचलं, असा त्याचा अर्थ नाही.

पावसाळ्यात भातसेला पूर आला आणि पुलावरची वाहतूक थांबली, तर टपालाची थैली अलीकडेच राहते आणि पाणी ओसरलं की पुढे जाते. समोरचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा सर्व्हरही तसाच थांबतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. चार-पाच दिवस प्रयत्न करून मगच पत्र परत करावं, असं नियमावली सुचवते. म्हणून मेल उशिरा पोचला की लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाठवण्यात अर्थ नसतो; थोड्या वेळाने तिन्ही प्रती एकदम जाऊन पडतात. परत आलेलं पत्र मात्र नीट वाचावं. त्यातल्या इंग्रजी मजकुराला घाबरून अनेक जण ते पुसून टाकतात. त्यातला आकडा 4ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. 5ने सुरू होत असेल तर पत्र जाणारच नाही. बहुतेकदा पत्ता चुकलेला असतो किंवा समोरचा डबा भरलेला असतो.

मराठीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. 1982च्या नियमांना फक्त 128 चिन्हं ठाऊक होती: रोमन अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्रासाठीच्या काही खुणा. देवनागरी त्या रस्त्याने जाऊच शकत नव्हती, फोटोही नाही. 1992मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत आणली. कुठलीही माहिती तिच्यातल्या दर तीन बाइटांमागे चार रोमन चिन्हांत बदलायची, तशी पाठवायची आणि पलीकडे पुन्हा उलगडायची. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'सापगाव' या शब्दात काने धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे 18 बाइट. या पद्धतीने निघालं की सापगाव 24 रोमन चिन्हं होऊन प्रवास करतं आणि महाविद्यालयाच्या पडद्यावर पुन्हा सापगाव होतं.

याच कारणाने जोडलेली फाइलही वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे. फोनवर काढलेले सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांचे प्रत्येकी चार-पाच एमबीचे फोटो एकामागून एक जोडले की ती बघता बघता ओलांडली जाते. कागद सपाट ठेवून, सावली न पाडता, फोनमधल्या स्कॅनरने एकच पीडीएफ करावी. फाइलला नाव द्यावं: 'गुणपत्रिका बारावी 2025' असं. कॅमेऱ्याने दिलेला आकडी नंबर तसाच ठेवला, तर शंभर अर्ज उघडून बसलेल्या कारकुनाला त्या नावावरून काहीच कळत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला अर्ज, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक खुणांची रांग होऊन उघडतो, आणि तो अर्ज वाचलाच जात नाही.

पत्तासुद्धा आता देवनागरीत असू शकतो. 'डॉट भारत' हे देवनागरीतलं नाव 27 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालं आणि रोमनेतर पत्त्यांना मेल पाठवण्याचे नियम 2012पासूनच आहेत. अडचण पुढे येते. कित्येक संकेतस्थळांवरचे अर्ज असा पत्ता भरला की तो चुकीचा आहे असं सांगून अडवतात. मराठी पत्ता मराठी संकेतस्थळांवर तरी चालायला हवा, आणि तो चालत नसेल तर त्याची तक्रार करणं रास्त आहे.

ई-मेलच्या घडणीतच एक कमकुवत जागा आहे. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं. टपाल खातं ते तपासत नाही. एसएमटीपीसुद्धा मुळात तपासत नव्हतं. जाळं लहान होतं आणि त्यावरची माणसं एकमेकांना ओळखत होती. तरीही 3 मे 1978 रोजी गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना न मागितलेली जाहिरात पाठवलीच. मे 2000मध्ये प्रेमपत्राचं नाव धारण केलेली एक जोडफाइल फिलिपीन्सहून निघाली आणि दोन-तीन दिवसांत जगभरातल्या लाखो संगणकांत शिरली. फाइल मजकुराची दिसत होती. तिच्या नावाचा शेवटचा तुकडा, जो ती खरी काय आहे हे सांगतो, तो पडद्यावर लपलेला होता. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. हा सर्व्हर या संस्थेच्या वतीने पत्र पाठवू शकतो का, मजकूर वाटेत बदलला का, हे त्या पाहतात. फेब्रुवारी 2024पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. पण हुबेहूब बँकेसारखं दिसणारं नवंच नाव कुणी रीतसर नोंदवलं, तर या तपासण्या त्याला रोखत नाहीत. तिथे '@'च्या उजवीकडचा भाग अक्षर न् अक्षर वाचणं एवढाच उपाय उरतो.

पत्राच्या माथ्यावर प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का मारत जातो आणि तपास करणारे तो वाचतात. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तसंस्थांकडे एक धमकीचा मेल पोचला होता. त्यामागच्या आयपी पत्त्यावरून तपास ठाणे जिल्ह्यातल्याच, नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा त्या मेलशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय पासवर्डशिवाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. शिक्का यंत्राचा पत्ता सांगतो, त्यापुढे बसलेल्या माणसाचा नाही. घरातलं, दुकानातलं किंवा ग्रामपंचायतीतलं वायफाय उघडं ठेवू नये याला यापेक्षा मोठं कारण देता येणार नाही.

चांगला ई-मेल लिहिणं मराठी माणसाला नव्याने शिकावं लागत नाही. सरकारी अर्जाचा साचा घराघरांत ठाऊक आहे: प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, आपला विश्वासू, सहपत्रे. फोनवर गप्पा मारायच्या सवयीने तो साचा मोडतो. विषयाची जागा रिकामी राहते, मजकुरात 'सर काम झालं का' एवढंच असतं, आणि पाठवणाऱ्याचं नावही नसतं. एखाद्या पाड्यावरचा हातपंप बंद पडला आहे आणि पंचायत समितीला कळवायचं आहे, असं धरलं, तर मेल असा असावा:

विषय: पाड्यावरील हातपंप 3 मेपासून बंद, दुरुस्तीबाबत (मौजे अमुक, ता. शहापूर)

महोदय, आमच्या पाड्यावर 40 घरे असून एकच हातपंप आहे. तो 3 मेपासून बंद आहे. ग्रामपंचायतीला 5 मे रोजी लेखी कळवले आहे, त्या अर्जाची पोच जोडली आहे. पंपाची दुरुस्ती व्हावी आणि तोवर टँकर मिळावा, ही विनंती. आपला विश्वासू, (पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल). सहपत्रे: 1) अर्जाची पोच 2) पंपाचा फोटो.

या आठ-दहा ओळींत कुठे, काय, कधीपासून आणि नेमकं काय हवं, हे सगळं आलं. ज्या तालुक्यातलं भातसा धरण मुंबईला पाणी पुरवतं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही चीड रास्त आहे. ती वृत्तपत्राला लिहावी, सभेत मांडावी. पंप दुरुस्त करून घ्यायच्या मेलमध्ये ती घातली की वाचणारा मुख्य मागणीपर्यंत पोचत नाही. एका मेलमध्ये एकच विषय असावा. रस्त्याचा प्रश्न वेगळ्या टेबलावर जातो, त्याला वेगळा मेल. उत्तर आलं नाही तर आठवडाभराने त्याच मेलला उत्तर म्हणून स्मरणपत्र पाठवावं, म्हणजे आधीचा मजकूर आणि तारीख सोबत राहते.

'सीसी' म्हणजे आपल्या कार्यालयांतली 'प्रत माहितीसाठी'. पूर्वी ती कार्बन कागदावर निघायची. ज्याला कळायला हवं, पण ज्याने उत्तर द्यायचं नाही, त्याचं नाव तिथे येतं. पहिल्याच अर्जाला जिल्हाधिकारी, पालकमंत्री आणि चार पत्रकारांना प्रती लावल्या, तर अधिकारी काम करण्याआधी बचाव लिहायला बसतो. 'बीसीसी'त टाकलेला पत्ता इतरांना दिसत नाही, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांना मेल पाठवताना तीच जागा वापरायची असते. सप्टेंबर 2015मध्ये लंडनच्या '56 डीन स्ट्रीट' या दवाखान्याने आपलं वार्तापत्र 781 जणांना पाठवलं. त्यात बहुतेक एचआयव्हीबाधित रुग्ण होते. पत्ते चुकीच्या रकान्यात गेले आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. पुढच्या वर्षी तो दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला 1 लाख 80 हजार पौंडांचा दंड झाला. स्वयंसहायता गटाच्या बायका असोत की शाळेतले पालक, त्यांचे पत्ते सगळ्यांपुढे उघडे करण्याचा अधिकार कुणालाच नाही. 'रिप्लाय ऑल' दाबतानाही तसंच थांबावं. नोव्हेंबर 2016मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला, आणि 'मला यातून काढा' अशी उत्तरं सगळ्यांनाच पाठवली जाऊ लागल्याने अख्खी यंत्रणा मंदावली.

कायद्यानेही ई-मेलला कागदाचं वजन दिलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000च्या कलम 4ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराची मान्यता दिली. कलम 13 सांगतं की मेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रात शिरला की तो रवाना झाला, आणि स्वीकारणाऱ्याने नेमून दिलेल्या यंत्रात शिरला की तो मिळाला. न्यायालयात तो पुरावा म्हणून द्यायचा, तर 1 जुलै 2024पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून महत्त्वाचा मेल मूळ रूपात खात्यातच ठेवावा. स्क्रीनशॉटमध्ये सर्व्हरांचे शिक्के येत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्जही कलम 6प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गाने करता येतो. पण त्याला 10 रुपये शुल्क आहे, त्यामुळे साध्या मेलपेक्षा राज्य सरकारचं ऑनलाइन दालन वापरावं.

शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींसाठी सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 रोजी हॉटमेल सुरू केलं, तेव्हापासून कुठल्याही संगणकावरून कुणालाही फुकट खातं उघडता आलं, आणि तालुक्याच्या गावी नेट कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांत ती खाती निघू लागली. आजही शिष्यवृत्तीचा, सीईटीचा किंवा पोलीस भरतीचा अर्ज भरताना कितीदा तरी दुकानातला मुलगाच घाईत ई-मेल काढून देतो. पासवर्ड त्याने ठरवलेला, मोबाइल नंबर कधी त्याचाच, आणि खातं त्याच्या संगणकावर उघडंच राहिलेलं. तो प्रामाणिक असतो, गर्दीत काम उरकत असतो. पण प्रवेशपत्र त्या डब्यात येतं, शिष्यवृत्तीच्या अर्जातल्या त्रुटीची सूचना त्या डब्यात येते, इतर खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवेही तिथेच येतात. मुलगी मात्र गावात निकालाची वाट पाहत राहते.

म्हणून वाचकांना एक विनंती. हे वाचून झाल्यावर आपला ई-मेल, आणि घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांचा ई-मेल, स्वतःच्या फोनवर उघडून पाहा. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या पानावर कुणाचा मोबाइल नंबर आहे ते तपासा आणि स्वतःचा घाला. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, अनोळखी संगणकांवर उघडं राहिलेलं खातं साइन आउट करा. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर कळवा. आणि जुना पत्ता उघडत नसेल तर फार थांबू नका: दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल डिसेंबर 2023पासून कायमचं काढून टाकू शकतं.